पावसाळ्यात माळ्यावर चढा

साताऱ्यात ज्यांची घरं कौलारू आहेत ती माणसं छपराकडं बघतात वैशाखात. गडी सांगायचे, कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, आढ्यावरचं सिमेंट पुन्हा मारायचं आणि पहिला वळीव झाला की "औंदा काय गळत नाही" म्हणून हात झटकायचे. कौलांपुरतं हे बरोबर आहे. पण कौलं ज्याच्यावर बसलीत त्या लाकडाची तब्येत बघायची ही वेळच नव्हे. मे महिन्यात इथलं प्रत्येक लाकूड कोरडं खडखडीत असतं, कुजलेलंसुद्धा. म्हणून मी माळ्यावर चढते ती श्रावणात, चांगली दोन-तीन दिवस झड लागून गेल्यावर, बॅटरी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन. "या वयात शिडीवर काय चढायचं ते!" हे वाक्य खालून दरवर्षी ऐकू येतं. शिडी मात्र ह्यांनीच धरलेली असते.

आमचं घर मंगळवार पेठेत, तळ्यापासून थोडं वर. छपराची रचना जुन्या घरांची असते तशीच. भिंतींवर आणि खांबांवर तुळया, तुळयांवर उतरते वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या फळ्यांची तक्तपोशी, फळ्यांवर रिपा, म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या, आणि रिपांवर मंगळुरी कौलं. (या कौलांचा पहिला कारखाना बासल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला. कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. आमच्या मुलांनी इंग्रजी अक्षरं त्यावरूनच गिरवली.) सासऱ्यांच्या वडिलांना तक्तपोशीचा फार अभिमान होता म्हणे. दिसायला देखणी आहेच, आणि उन्हाळ्यात खाली धग कमी येते. पण तिची एक खोड आहे. नुसत्या रिपांवर कौलं असतील तर गळकं पाणी थेट जेवणाच्या ताटात पडतं आणि तुम्ही त्याच दिवशी कौल सरकवता. तक्तपोशी असली की ते पाणी फळीवर मुक्काम करतं. खाली थेंबसुद्धा येत नाही, वर मात्र फळी आठवडाभर भिजत पडलेली असते.

आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळं बुरशीबद्दल मला जरा जास्तच आस्था आहे, तेव्हा थोडं सहन करा. लाकूड कुजणं म्हणजे बुरशीनं ते खाणं. तिला ऊब लागते, हवा लागते आणि पाणी लागतं. ऊब आणि हवा आपल्या छपराखाली बारा महिने आहेतच. प्रश्न फक्त पाण्याचा. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असला तर ही बुरशी वाढत नाही. कुजणं जोर धरतं ते २८-३० टक्क्यांच्या पुढं. आणि गंमत अशी की आषाढात हवा कितीही दमट असली, पापड कितीही सादळले, तरी आडोशाला असलेलं लाकूड नुसत्या हवेतून १८-२० टक्क्यांच्या आसपासच पोचतं. म्हणजे "पावसाळी हवेनं लाकूड कुजलं" हे खरं नाही. कुजलं असेल तर कुठून तरी खरंखुरं पाणी येतंय, आणि ते एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतंय.

उन्हाळ्यात लाकूड वाळलं की बुरशी थांबते. बहुतेकदा मरत नाही. पुढच्या आषाढात पाणी मिळालं की राहिलेलं काम पुढं चालू. मे महिन्यात बघितलेलं लाकूड फसवतं ते यामुळं. त्यात आणखी वाईट भाग म्हणजे, लाकडाचं वजन दहा टक्क्यांनीसुद्धा घटलेलं नसतं तेव्हाच त्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असू शकते. डोळ्यांना फरक दिसायच्या आधी.

आता आमच्या छपराची गोष्ट. चुलत दिरांनी त्यांच्या वाट्याचा भाग पाडून तिथं स्लॅबचं घर बांधलं. त्यांची भिंत आमच्या छपरापेक्षा उंच, आणि आमचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, त्या भिंतीला जाऊन टेकतं. कौलारू घराशेजारी स्लॅब उभा राहिला की दोन्हींच्या सांध्याकडं कुणीच बघत नाही. त्यांच्या ठेकेदाराच्या लेखी ते आमचं छप्पर, आमच्या गड्यांच्या लेखी ती त्यांची भिंत. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या फटीत शिरायचं. वरून सिमेंटचा हात फिरवला होता, पण लाकूड ऋतूप्रमाणं फुगतं-आकसतं आणि भिंत जागची हलत नाही, त्यामुळं ते सिमेंट दुसऱ्याच वर्षी सुटलं.

खाली डाग दिसला तो मात्र तिथं नव्हे. तो दिसला चांगला दोन हात खाली, वळचणीच्या बाजूला, पिवळट तपकिरी, कडेला गडद रेघ. गळती शोधताना सगळे चुकतात ते इथंच. पाणी फळीच्या वरच्या अंगानं उतारावर सरकतं, फळ्यांच्या सांध्यात शिरतं, मग वाशाची कड धरून आणखी खाली येतं आणि एखाद्या खिळ्यापाशी किंवा गाठीपाशी थांबून टपकतं. जिथं टपकतं तिथलं लाकूड पुष्कळदा ठीक असतं, कारण तिथं पाणी थांबत नाही. जिथं थांबतं तिथं कुजतं. म्हणून डाग दिसला की बोट आढ्याकडं न्यायचं, खाली नाही. आणि डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. पुढच्या झडीनंतर डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे, आत राहिला तर जुनी गोष्ट आहे. आमच्या माळ्यावर अशा पुष्कळ तारखा आहेत, काही सासऱ्यांच्या अक्षरातल्या.

तर त्या सांध्याखालची फळी. रंग शाबूत होता, तेलाचा हिरवा रंग, फक्त एका जागी बोटभर फुगलेला. खिळ्यांच्या डोक्यांभोवती काळे डाग होते. लाकडात लोखंड आणि पाणी एकत्र आलं की असं काळं पडतं, जांभळासारख्या तुरट लाकडात तर जास्तच, ती कूज नव्हे, पण तिथं पाणी येऊन गेल्याची पावती नक्की. मी एक खिळा चिमटीत धरून ओढला. तो आला. हातानं. चांगल्या फळीतला खिळा निघायला पकड आणि शिव्या दोन्ही लागतात.

आमचे सुतारमामा वर आले. मी बोटानं दाबून दाखवत होते, तर ते म्हणाले, "बाई, दाबून काय कळत न्हाई. ह्ये असं बगायचं." त्यांनी पटाशीचं, म्हणजे सुताराच्या छिन्नीचं, टोक फळीत आडवं घुसवलं आणि वर उचकटलं. आधी शेजारच्या जुन्या सागवानी फळीवर. त्यातून बोटभर लांब ढलपी निघाली, तंतूच्या दिशेनं, आणि निघताना कट्‌कन आवाज आला. मग संशयित फळीवर. आवाज नाही. ढलपी नाही. पटाशीच्या टोकाबरोबरच तंतूंना आडवा तुकडा तुटला, आखूड, आणि बोटांत धरून चोळला तर त्याची चहाच्या भुकटीसारखी तपकिरी पूड झाली. लांब ढलपी आणि आवाज म्हणजे लाकूड जिवंत, आखूड तुकडा आणि मुका म्हणजे गेलं. एवढी एक परीक्षा शिकलात तरी घरातलं निम्मं काम झालं. रंगावर जाऊ नका. जुनं लाकूड काळपट असतं, धुरानं काळं झालेलं असतं, त्याचं काही बिघडलेलं नसतं. आमचं माजघर एके काळी चुलीच्या धुरात होतं, तिथले वासे बघून पाहुणे घाबरतात आणि तेच वासे सगळ्यात टणक आहेत.

रंगाखालचा थर खरवडल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. कुजलेली फळी जुनी नव्हतीच. मधे कधीतरी छपराची दुरुस्ती झाली तेव्हा एका ठेकेदारानं सागवानाच्या जागी पाइनच्या फळ्या ठोकल्या होत्या, मशिनरीच्या मोठ्या खोक्यांतून निघतात तशा, आणि वरून हिरवा रंग दिला होता. बिलात अर्थातच सागवान. शंभरीला आलेली फळी टणक आणि तिच्या शेजारची कालची फळी मातीमोल. पाइन हे मऊ लाकूड, औषध न मारलेलं असेल तर ओलीत फार टिकत नाही, आणि त्यात कूज धरली की बहुतेक अशीच तपकिरी असते, उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे होणारी. त्यात बुरशी लाकडातला धागा खाते आणि तपकिरी चिकट भाग मागं ठेवते. सागवान, जांभूळ, ऐन यांच्यात जास्त करून दुसऱ्या प्रकारची दिसते. लाकूड फिकट पडतं, पांढुरकं होतं, चौकोनी तडकत नाही, उलट तंतू-तंतू सुटतात आणि दाबलं की मऊ लागतं. ही ओळखायला अवघड, कारण लाकूड आकार सोडत नाही. पटाशीच सांगते.

आणि सागवान म्हटलं की अमर असं समजू नका. सागवानाचा टिकाऊपणा गाभ्यात आहे. सालीलगतचा पांढरट भाग इतर कुठल्याही लाकडासारखाच लवकर जातो. हल्ली मिळणाऱ्या कोवळ्या झाडाच्या फळीत तो पांढरा पट्टा निम्म्यापर्यंत असतो. विकत घेताना फळी उभी धरून कड बघा.

आता ज्या तीन गोष्टींची सगळे सरमिसळ करतात त्यांबद्दल थोडक्यात. वाळवी लागली असेल तर मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून किंवा खांबावरून वर गेलेल्या दिसतात, आणि लाकूड फोडलं की आत मातीनं भरलेले बोगदे, बाहेरून मात्र पापुद्रा शाबूत. भुंगेरा असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली जमिनीवर मऊ पिठूळ भुगा. हा भुगा पडण्याला ओल लागत नाही, कोरड्या लाकडातही हे किडे सुखानं राहतात. कुजीत भोकंही नसतात, नळ्याही नसतात. असतो तो कुबट वास, मऊपणा, कधी पांढऱ्या धाग्यांचं जाळं आणि अगदीच पुढं गेलेलं असेल तर फळीला फुटलेली छत्री. तिन्हींवर औषध वेगळं आहे. पेस्ट कंट्रोलवाला बोलावून वाळवीचं औषध फवारून घेतलं आणि गळती तशीच ठेवली तर कूज थांबत नाही. ओल्या लाकडाकडं वाळवीही येते, त्यामुळं दोन्ही एकत्र सापडली तर नवल नाही.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. तिथं माळवद. तुळया, त्यावर आडवं लाकूड, त्यावर मातीचे थर आणि वर पांढरी माती. या जिल्ह्याचा पाऊस म्हणजे एक अजब प्रकार आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं, साताऱ्यात हजाराच्या आसपास, आणि माण-खटावाकडं पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात उतरती छपरं आणि सपाट माळवदं दोन्ही का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. आमच्या माहेरी लाकूड कुजून गेल्याचं क्वचितच ऐकलं. तिथला शत्रू वाळवी. त्यामुळं लग्न होऊन इथं आले तेव्हा छपराचं लाकूड पाण्यानं जातं हेच मला नवीन होतं.

माळ्यावर बघायच्या जागा ठरलेल्या असतात. दोन पाखी मिळतात ती पन्हळ, कारण तिथं पालापाचोळा आणि पिंपळाची रोपं साठून पाणी तुंबतं. वळचणीकडची वाशांची टोकं, कारण लाकूड कापल्या तोंडानं सगळ्यात जास्त पाणी पितं. डिश अँटेना किंवा सोलरच्या स्टँडसाठी कौलातून मारलेला प्रत्येक बोल्ट. पत्रा घातलेला तुकडा असेल तर त्याखालची फळी, कारण थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि तो फळीवरच गळतो. आणि तुळया भिंतीत शिरतात ती टोकं. ही शेवटची जागा सगळ्यात धोक्याची, कारण ती दिसतच नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या पश्चिमेच्या भिंतीला तडा गेला, असं सासरे सांगायचे. तो चुन्यानं बुजवला, तरी पश्चिमेची सर आली की ओल तिथूनच आत येते आणि मागच्या खोलीवरच्या तुळईचं टोक भिजतं.

वर चढल्यावर पाय वाशावर किंवा तुळईवर द्या, फळीवर नको. कौलांवरून चालताना तर नकोच नको, खाली कुजलेली फळी असली तर माणूस थेट माजघरात. आणि वानरांना याचा काही फरक पडत नाही. अजिंक्यताऱ्याच्या बाजूनं येतात, कौलावरून कौलावर उड्या मारतात आणि कान तुटलेलं कौल घसरून बोटभर फट पडते. तुमची वैशाखातली चाळणी त्यांनी ज्येष्ठातच निकालात काढलेली असते.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र भाच्यानं आणून दिलं. कामाचं आहे, पण एका मर्यादेत. सुया वरवरच टोचतात, त्यामुळं वरून वाळलेली आणि आतून भिजलेली तुळई बावीस दाखवते आणि तुम्ही खूश होता. मी ते दोन जागांमधला फरक बघायला वापरते. एकाच वाशावर वर सोळा आणि वळचणीला एकोणतीस आलं, तर पटाशी कुठं लावायची ते कळतं.

आता एका गोष्टीवर माझं भांडण आहे, आणि ते पेठेतल्या निम्म्या घरांशी आहे. तक्तपोशीला डाग पडले, रंग उडाला, की लोक खालून पीव्हीसीचं नाहीतर पीओपीचं सीलिंग मारून घेतात. दिवाळीच्या आधी दोन दिवसांत खोली नवीकोरी. मला यासारखा वाईट खर्च माहीत नाही. डाग ही खबर होती, ती तुम्ही झाकून टाकलीत. शिवाय लाकडाला खालून मिळणारा वारा बंद केलात, म्हणजे भिजलेलं लाकूड वाळायचंही थांबलं. आमच्या एका नातलगांकडं असं सीलिंग काढलं तेव्हा वरचे दोन वासे मधूनच गेलेले होते आणि त्यांचं वजन सीलिंगच्या पातळ पट्ट्यांनी धरून ठेवलं होतं. करायचंच असेल तर निदान चढून बघता येईल एवढं झाकण तरी ठेवा आणि दोन्ही बाजूंना वाऱ्याला वाट ठेवा. तेलाच्या रंगाचंही तेच. ओल्या फळीवर तो मारला की पाणी आत कोंडतं.

दुरुस्तीचा क्रम एकच. आधी पाणी बंद, मग लाकूड. आम्ही दिरांशी बोललो, त्यांच्या भिंतीला आडवी खाच पाडली, जस्ताच्या पत्र्याची पट्टी त्या खाचेत घालून कौलांवर वाकवली आणि खाच वरून बंद केली. पट्टीचा खर्च निम्मा निम्मा. (गिलाव्याचा कुणी करायचा यावर गणपतीच्या आरतीच्या आधी आणि नंतर चर्चा झाली.) मग पाइनच्या सगळ्या फळ्या काढल्या, चांगल्या दिसणाऱ्यासुद्धा. जुन्या सागवानी फळीचा एका बाजूचा भाग मऊ होता, तो दिसणाऱ्या कुजीपाशी न कापता हातभर पुढं, थेट पुढच्या वाशाच्या मध्यावर कापला. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच पुढं गेलेले असतात. उरलेल्या लाकडावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं दोनदा दिलं. हे पावसात धुऊन जातं, म्हणून उघड्या लाकडाला उपयोग नाही, कौलाखालच्या लाकडाला चांगलं. वळचणीच्या वाशांची टोकं सुतारमामांनी त्यांच्या पद्धतीनं डांबरात बुडवली. जळकं ऑइल मारा म्हणणारे पुष्कळ भेटले. त्याचा वास वर्षभर जात नाही, मी मारू दिलं नाही.

फळ्या जुन्या बाजारातून घेतल्या, पाडलेल्या वाड्याच्या. सुतारमामांनी प्रत्येकीला पटाशी लावून बघितली, विकणारा वैतागेपर्यंत. खिळ्यांची भोकं होती म्हणून भाव थोडा पाडून मिळाला.

मागच्या खोलीवरच्या तुळईला सध्या टेकू दिला आहे. फळी, रीप, वाशाचं टोक इथवर घरच्या घरी बघता येतं, पण जिच्यावर अख्खं पाखं उभं आहे तिला हात लावायचा तर जाणत्याला विचारूनच. इंजिनियर येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, गेलेलं टोक कापून दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल बोल्टनं आवळायचं. सुतारमामांचं म्हणणं, लोखंड कशाला, जुन्या सागवानाचा सांधा करतो, नातवंडांच्या काळात बघा. दोघांनाही दसऱ्यानंतर एकाच दिवशी बोलावलं आहे. मी मधे बोलणार नाही असं ह्यांना कबूल केलंय.